खुर्ची परमनंटची

माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी कुरकुंभच्या एकाच केमिकल कंपनीत कामाला जातो. त्या परमनंट, पॅकिंगला. मी ठेकेदाराकडून, साफसफाईला. मागच्या उन्हाळ्यात प्लांटमध्ये गॅस सुटला, तेव्हा आम्ही एकमेकींचा हात धरून गेटाकडे पळालो. त्यानंतर नुसता भोंगा वाजला तरी दोघींच्या छातीत धडधडायचं. दोघींचेही खाडे पडायला लागले.

मग कंपनीनं दर गुरुवारी पुण्याहून एक मॅडम बोलावली. तिच्यापुढं बसून मनातलं बोलायचं, पगार न कापता. पण फक्त परमनंटनी. ती खोली मी पुसायची, पाण्याचे ग्लास मी ठेवायची आणि खुर्चीत बसायच्या जाऊबाई.

दोन-तीन महिन्यांत त्यांचे खाडे थांबले. आमच्या घरापर्यंत भोंगा ऐकू येतो. तो वाजला तरी त्या भाकरी थापत राहायच्या. माझ्या हातातली परात थरथरायची. मी त्यांच्या हातांकडं बघून जळायची.

"तू बी इचार की सायबाला," त्या म्हणायच्या. "तोंड हाय का न्हाई तुला?"

मला नाही विचारवलं. एकदा मी फरशी पुसत असताना साहेब पाहुण्यांना सांगत होते, "मॅडमची फी काहीच नाही हो. जुना माणूस घरी बसला, सोडून गेला, तर नव्याला शिकवायला सहा महिने जातात. माल खराब होतो तो वेगळा. त्यापेक्षा हे स्वस्त."

मला ते पटलं. जाऊबाईंचा खाडा कंपनीला महाग पडतो, म्हणून त्यांना खुर्ची. मग माझाही पडू दे महाग. घरी बसायला कुणाशी बोलावं लागत नाही.

तीन दिवस मी कामावर गेलेच नाही. चूल सारवताना वाटायचं, आता साहेब विचारत असतील, ती बाई कुठाय?

चौथ्या दिवशी गेटावर ठेकेदार भेटला. "आलीस व्हय? मला वाटलं सोडलंस."

"माझी खोली..."

"तिथं दुसरी लावली, पहिल्याच दिवशी. फरशी पुसायला काय शिकवायचं असतं? तू ड्रम धुवायला जा."

ड्रम धुतात ते गॅस सुटला होता त्याच भिंतीपाशी.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊबाई खोलीकडं जाताना माझ्यापाशी थांबल्या. माझे हात ओले होते आणि थरथरत होते. त्यांनी ते पाहिलं.

"आज मॅडमला तुझं सांगू का गं?" हळूच म्हणाल्या.

"नगा सांगू," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. "माझी भीती सांगून बी बरं तुमालाच वाटंल."

त्या पदर सारखा करून आत गेल्या. दार लागलं.