आखणी चालू असताना

माझा मामेभाऊ हरेश चाळिशीचा, हुशार आणि असह्य माणूस आहे. बारा वर्षं त्याने रोह्यातल्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळला, एक नोंद हरवू दिली नाही. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातला न्हावी दाढी करताना त्याच्यापुढे हात जोडतो.

कंपनीने कॉम्प्युटर विभाग हैदराबादला हलवला आणि हरेश घरी बसला. दोन मुलाखती त्याने तोंडानेच घालवल्या. तिसरी होती शेअर बाजाराची माहिती साठवणाऱ्या कंपनीची. सीनियर डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, काम घरबसल्या. ही गेली तर जुन्या कंपनीमागे बायकोपोरांसकट हैदराबाद गाठायचं होतं, आणि या विचारानेच तो वाळला होता.

नेमकी त्या दिवशी रोह्यात वीज बंद. म्हणून सकाळच्या गाडीने तो लॅपटॉप घेऊन पेणला, आमच्या गणपतीच्या कारखान्यात आला.

माझी आई, पुतळीबाई, पंचेचाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखते. हल्ली खांदा दुखतो, एक डोळा झाला की हात खाली घेऊन चोळत बसते. पण तिचा ब्रश वर असेपर्यंत कारखान्यात कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. लहानपणी हरेशला तिने याच कारणाने कितीदा बाहेर काढलंय.

"आत्या, आजचा दिवस आखणी नको ना."

"उद्या टेम्पो येतो. तू बस तिकडं कोपऱ्यात."

इंग्रजीत मुलाखत सुरू झाली तेव्हा आई खांदा चोळत बसली होती. पडद्यावरच्या नमिता मॅडम अर्धा प्रश्न विचारायच्या, हा दीड उत्तर द्यायचा. दोनदा त्या "एक मिनिट" म्हणाल्या, तरी याची गाडी थांबेना. मी सोंडेला पॉलिश पेपर मारत होते; तोच त्याच्या जिभेवर मारावासा वाटला.

मग त्यांनी विचारलं, "बाजार चालू आहे, मुख्य डेटाबेस बंद पडलाय, सगळे ओरडतायत. पहिलं काय कराल?"

हरेशने तोंड उघडलं आणि आईने ब्रश उचलला.

तोंड मिटलं. अख्खा कारखाना गप्प. मॅडम वाट बघतायत, याचे कान लाल झालेत. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला रडूच यायला लागलं. गेली ही पण नोकरी!

शेवटी आईने ब्रश ठेवला.

"पहिलं म्हणजे कशाला हात लावायचा नाही," हरेश हळू आवाजात म्हणाला. त्याला हळू आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. "काय मोडलंय ते बघायचं. मग काम एकानेच करायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं."

मॅडम हसल्या. आधीच्या सगळ्या उमेदवारांनी म्हणे प्रश्न संपायच्या आत उत्तरात डेटाबेस पुन्हा चालू करून टाकला होता. विचार करणारा हा पहिलाच.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. हरेश पेढे घेऊन आला तो दारापासून बोलतच. "आत्या, तुझी आखणी नेमकी मध्ये आली म्हणून वाचलो गो!"

"डोळा कधीच झाला व्हता," आई खांदा चोळत म्हणाली. "मला इंग्रजी कळत नाय, पण ती बाई कंटाळलेली कळत व्हती. ब्रश खाली घेतला असता तर तू बोलला असतास. म्हणून धरून ठेवला तसाच."

हरेश गप्प झाला. आणि या खेपेला आखणी चालू नव्हती.