क्रांतीचं ‘यस’

चेन्नईचा माणूस बोलायला लागला की क्रांतीला पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं. आवाज सगळा ऐकू यायचा, पण ओंजळीत एकही गार टिकायची नाही. ‘सिस्टीम’ कळायचं, ‘अपडेट’ कळायचं, ‘ओके मॅडम’ कळायचं. ह्या तीन शब्दांच्या मधे जे काही वाहून जायचं, ते वाहूनच जायचं.

क्रांती मूळची इस्लामपूरजवळच्या गावची. लग्न होऊन माधवनगरात आली. नवरा रविराज फौजेत हवालदार, त्यामुळं घर, सासू आणि बाजारहाट सगळं हिच्याच गळ्यात. तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ती बरीच वर्षं नोंदी करायला होती. द्राक्षबागायतदार बेदाणा वाळवून, निवडून, खोक्यांत भरून आणायचे. तो थंड खोल्यांत ठेवायचा आणि कुणाचा माल, किती खोकी, कुठल्या चेंबरला गेली हे टिपून ठेवायचं, हे तिचं काम. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. मराठी टायपिंग तिचं झकास होतं. हमाल अजून खोकी मोजत असायचे तोवर हिची नोंद तयार असायची.

मग मालकांनी, म्हणजे लालासाहेबांनी, चेन्नईच्या एका कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. लालासाहेबांना सगळे आप्पा म्हणत. सत्तरी गाठलेला माणूस, स्वतः मोबाईलवर बोट ठेवायलाही कचरायचा. पण पुतण्या शिवतेज पुण्याहून शिकून आला होता. त्यानं सांगितलं आणि आप्पांनी मान डोलावली. नव्या पडद्यावर एकही अक्षर मराठी नव्हतं. ते क्रांतीनं महिन्याभरात पचवलं. कुठलं बटण कशाचं, हे हाताला कळलं की डोळ्याला वाचावं लागत नाही. अडचण झाली ती बोलण्याची. काही अडलं की चेन्नईशी फोनवर, नाहीतर पडद्यावरच्या मीटिंगमध्ये बोलावं लागे आणि तिथला इंजिनिअर इंग्रजीशिवाय बोलत नसे. हिंदी त्याला येत नव्हती, मराठीचा तर प्रश्नच नव्हता.

पहिल्याच मीटिंगला क्रांतीनं धीर करून विचारलं होतं, “सर, अगेन? नॉट अंडरस्टँड.” शेजारी बसलेला शिवतेज हसला. वाईट नव्हता तो, पण हसला. “द्या ताई, मी बघतो,” म्हणून त्यानं तिच्या कानावरचा हेडफोन अलगद काढून घेतला आणि पुढचा अर्धा तास तो आणि चेन्नई हसत-खिदळत बोलत बसले. क्रांती रिकाम्या कानांनी पडदा बघत राहिली. नंतर त्यानं तिला सांगितलं ते एवढंच, “काही नाही हो ताई, ते करतील.” काय करतील, हे त्यालाही धड सांगता आलं नाही, कारण नोंदी कशा होतात हेच त्याला माहीत नव्हतं.

त्या दिवशी तिनं एक धडा घेतला. कळलं नाही म्हटलं की हेडफोन जातो, ‘यस’ म्हटलं की काम पुढं सरकतं.

आणि दुसरं म्हणजे तिनं विश्रामबागेत इंग्रजी बोलायचा क्लास लावला. काम सुटलं की रिक्षा पकडायची, घरी सासूला फोन करायचा, “मामी, भात लावा, मी आल्यावर आमटी करते,” आणि क्लासला जाऊन बसायचं. बाकीच्या सगळ्या पोरी. नर्सिंग करून परदेशात जाणाऱ्या, बँकेच्या परीक्षा देणाऱ्या. शिकवणारी अंकिता साताऱ्याची, तिचं वय क्रांतीच्या धाकट्या बहिणीएवढं. जीव तोडून शिकवायची. रोज एक विषय. माझं ऑफिस. कॉम्प्युटरचे भाग. इंटरनेटचे फायदे आणि तोटे. क्रांतीनं घोकून घोकून ‘इंटरनेट इज अ बून’ एका दमात म्हणून दाखवलं तेव्हा सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिनं अर्धा तास कान टवकारले. इंटरनेटचे फायदे काही त्या माणसानं विचारले नाहीत.

“आवं, मी मिनिटभर सलग बोलते आता इंग्रजी,” ती रविराजला फोनवर सांगायची, “पर समोरचा बोलला की सगळं पाणी.”

“आमच्या युनिटमधी केरळवाले हायेत. त्यांच्याशी बोलून बोलूनच आलं मला,” तो म्हणायचा.

“तुमाला न्हाई आलं तर तुमी हातवारे करता. मी फोनवर काय हातवारे करू?”

बेदाण्याचा हंगाम ऐन भरात आला होता. गेटापासून रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग. शिवतेज मित्राच्या लग्नाला पुण्याला गेलेला. आणि त्याच दिवशी सकाळी सॉफ्टवेअर अडकलं. क्रांतीनं चेन्नईला कळवलं. इंजिनिअरनं त्याच्या बाजूनं काहीतरी खटपट करून तात्पुरती एक वेगळी जागा करून दिली. आजच्या नोंदी ह्यात करा, दुरुस्ती झाली की मूळ जागी हलवा, असं त्यानं लिहून पाठवलं होतं. ते तिला वाचून कळलं. लिहिलेलं कळायचं तिला. तिनं धडाधड नोंदी घेतल्या. दुपारपर्यंत निम्मी रांग आत गेली, खोकी चेंबरमध्ये लागली, शेतकरी पावत्या घेऊन आपापल्या गावाला गेले.

दुपारी चेन्नईचा फोन आला. दुरुस्ती झाली होती. बाहेर टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते, खिडकीत दोघं-तिघं एकाच वेळी बोलत होते. फोनवर गारा सुरू झाल्या. त्यातून तिला ऐकू आलं ते असं: काहीतरी ‘मूव्ह’, मग ‘राइट?’ आणि शेवटी, “शॅल आय ड्रॉप द टेबल, मॅडम?”

टेबल? कसलं टेबल? तिच्या डोळ्यांसमोर ऑफिसातलं टेबल आलं. ते तर नसणार. पण ‘ड्रॉप’ तिच्या ओळखीचा होता. भाच्यानं बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतला होता. शिवतेज एखादा बेत रद्द झाला की ‘ड्रॉप केला’ म्हणायचा. क्लासमध्ये ‘बहिणीला स्टँडवर ड्रॉप करते’ हे वाक्य झालं होतं. म्हणजे सोडणं. हा म्हणतोय की आता हा विषय सोडू या. तिलाही तेच हवं होतं.

“यस सर. राइट. ड्रॉप,” क्रांती म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या. त्यानं विचारलं होतं ते एवढंच, की तुम्ही सगळं मूळ जागी हलवलंय ना, मग ती तात्पुरती जागा, त्याच्या भाषेत ‘टेबल’, पुसून टाकू का? आणि हिनं ‘यस’ म्हटलं होतं.

नोंदींचं पान उघडलं तेव्हा क्रांतीला वाटलं आपणच चुकीचं काही दाबलं. तिनं परत परत बघितलं. चेंबरात हजारो खोकी, त्यांत सकाळी आलेली कुठली आणि कुणाची, ह्याचा आता कॉम्प्युटरला पत्ता नव्हता. पुसलेलं परत आणता येणार नाही, असं चेन्नईनं लिहून कळवलं.

आप्पा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “पोरी, तू तर शाणी हायेस की गं,” एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. शिवतेज मात्र फोनवर चिडला. “ताई, समजत नव्हतं तर यस कशाला म्हणायचं? मला एक फोन करायचा ना!”

करायचा होता. त्याचा फोन सकाळपासून लागत नव्हता. आणि समजलं नाही म्हणायला गेलं की काय होतं, ते त्याच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत होतं? राग इतका आला होता की कुणावर काढावा तेच कळेना. चेन्नईवाल्यावर, शिवतेजवर, पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी शिकवणाऱ्या शाळेवर, की स्वतःच्या जिभेवर.

हमालांचा मुकादम धुळा दारात उभा होता. तो म्हणाला, “ताई, खोक्यावर लॉटचं नंबर हायेत. आत जाऊन बघू या. जातंय कुठं?”

घरून तिनं रविराजचं जुनं फौजेतलं जाकीट मागवलं, ते चढवलं आणि दोघं चेंबरात शिरले. बाहेर एप्रिलचं ऊन, आत दात वाजवणारी थंडी. धुळा थप्पीवर चढून नंबर ओरडायचा, ती लिहायची. बोटं वळेनाशी झाली की बाहेर येऊन उन्हात धरायची आणि परत आत. मग एकेका शेतकऱ्याला फोन. “दादा, तुमच्या पावतीचा फोटो पाठवा. न्हाई न्हाई, माल सुखरूप हाय, नोंद परत करायची हाय.” एकानं विचारलं, “अवो, कॉम्प्युटर असून परत कशाला?” “पावती पाठवा तेवढी,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जुळलं. कुणाचं काही बुडालं नाही. पण पुण्याहून परतलेल्या शिवतेजनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की इथून पुढं चेन्नईशी तोच बोलणार. क्रांतीताईंनी मीटिंगला नुसतं बसायचं.

त्या संध्याकाळी ती क्लासला गेली ती भांडायलाच. पोरी पांगल्यावर तिनं अंकिताला गाठलं.

“मॅडम, ड्रॉप म्हंजे काय?”

“सोडणं. किंवा पडणं. का हो ताई?”

“आणि पुसणं?”

अंकिता गोंधळली. क्रांतीनं सगळं सांगितलं. अंकितानं मोबाईलवर शोधलं आणि हळूच म्हणाली, “हो. कॉम्प्युटरच्या भाषेत तसाही अर्थ होतो. ड्रॉपचे खूप अर्थ आहेत, ताई.”

“मग आमाला कॉम्प्युटरचा धडा झाला, त्यात का न्हाई सांगितलं? माऊस, कीबोर्ड, मॉनिटर! मला काय मॉनिटर विकायचाय? माऊस रोज हातात असतो माझ्या!”

“मी जे पुस्तकात आहे ते शिकवते,” अंकिता म्हणाली. “मला तरी कुठं माहीत होतं? मी स्वतः कधी कुठल्या ऑफिसात काम केलेलं नाही. चेन्नईच्या माणसाशी आयुष्यात बोललेली नाही.”

क्रांतीला तिची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

“सगळे अर्थ तर पाठ व्हायचे न्हाईत माझे,” ती शेवटी म्हणाली. “समोरच्याला थांबवायचं कसं ते शिकवा. मधीच.”

मग अंकिता चेन्नईचा इंजिनिअर झाली. ती भरभर बोलायची आणि क्रांतीनं तिला तोडायचं. वाक्यं सोपी होती. ‘वन मिनिट, सर.’ ‘प्लीज से इट स्लोली.’ ‘व्हॉट विल हॅपन टू माय डेटा?’ पाठ व्हायला वेळ लागला नाही. पण तोंडातून निघेनात. अंकिता बोलतच राहायची आणि क्रांती तिचं संपायची वाट बघत बसायची.

“ताई, थांबवा ना मला!”

“तुमी बोलताय की अजून.”

खरी गाठ इथं होती. बोलणाऱ्याला मधेच तोडायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. वडिलांना तोडलं नव्हतं, सासऱ्यांना तोडलं नव्हतं, आप्पांना तोडायचा प्रश्नच नव्हता. मराठीतही जे तिला कधी जमलं नाही, ते ती इंग्रजीत करायला निघाली होती. चारपाच संध्याकाळी अशाच फुकट गेल्या. एकदा तर ती वैतागून पिशवी उचलून निघाली, जिन्यापर्यंत गेली आणि रिक्षाला अवकाश आहे म्हणून परत येऊन बसली.

पुढच्या मीटिंगला ती शिवतेजच्या शेजारी मुकाट बसली होती. आवाज स्पीकरवर होता. इंजिनिअर बोलत होता, शिवतेज ‘शुअर, शुअर’ म्हणत होता. मधेच ‘लॉट’ आणि ‘मर्ज’ असे शब्द आले. लॉट म्हणजे तिच्याच नोंदी.

“वन मिनिट, सर,” ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की शिवतेज दचकला. “प्लीज से स्लोली. व्हॉट विल हॅपन टू माय डेटा?”

इंजिनिअरनं सावकाश सांगायला सुरुवात केली. तिला निम्मं कळलं. तिनं परत थांबवलं. त्यानं परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा शिवतेजनं कपाळाला हात लावला. शेवटी निघालं ते एवढंच, की अहवालाच्या पानावर दोन रकाने एक होणार होते. नोंदींना धक्का लागणार नव्हता. घाबरायचं काही कारणच नव्हतं.

मीटिंग संपल्यावर शिवतेज म्हणाला, “एवढ्याशासाठी केवढा वेळ घालवला, ताई. मला माहीतच होतं ते.”

“मला न्हवतं माहीत,” क्रांती म्हणाली. “नोंदी मी करते.”

तो उठून गेला. मागं बसलेल्या आप्पांनी नुसता चहा मागवला. तिला शाबासकी नको होती, पण कुणी ‘बरं केलंस’ म्हटलं असतं तर चाललं असतं.

संध्याकाळी विश्रामबागेत रिक्षातून उतरताना रविराजचा फोन आला. तिनं घडलं ते सांगितलं.

“म्हंजे बोललीस की गं!” तो खूश झाला.

“बोलले. पर त्याचं निम्मं कळलं न्हाई.”

“मग?”

“मग परत इचारलं.”

“आणि?”

“आणि परत निम्मंच कळलं,” ती चिडून म्हणाली. “हसू नका. ठेवा फोन, क्लास सुरू झालाय माझा.”