आई वेगळी बसली त्या दिवशी

बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत मी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी रोज वाढवते. हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची दोन प्रथिनं पेशीला आवरणारी यंत्रणाच निकामी करतात, मग पेशी वाढतच सुटते, हे विद्यार्थ्यांना मी न अडखळता शिकवते.

यंदा गौरी जेवणाच्या दिवशी शहरातल्याच वाडी भागातल्या माहेरी गेले, तर आई दाराशी वेगळ्या सतरंजीवर बसलेली. "मला शिवायचं नाही, नैवेद्य तूच दाखव," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. आजच्या काळात कसली शिवाशिव, म्हणून मी तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मी तणतणत हरणी भागातल्या माझ्या घरी परतले.

दुसऱ्या दिवशी पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि एकदम हिशेब लागला. आई पासष्टची आहे. तिची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. मी रूढीशी भांडत बसले आणि मुळात रक्त का जातंय, हे विचारलंच नाही.

तिथूनच फोन लावला. "आई, कधीपासून अंगावरून जातंय?"

"होळीपासून, अधूनमधून," ती म्हणाली. "पण तू काळजी करू नकोस. एकदाही देवाला शिवले नाही मी."