उजवीकडचा बिल्ला

"कोई शक?"

काकांचं बोलणं संपलं याची ही खूण. भाडं वाढवायचं असो, नळाला पाणी कधी येणार ते सांगायचं असो, की आमटीत मीठ कमी पडलंय हे काकूंना सुचवायचं असो, शेवटी 'कोई शक?' आलंच. शक असला तरी विचारायची सोय नसे, कारण तोवर ते पाठ फिरवून चालायलाही लागलेले असत.

पौड रस्त्याला लागून भुकूममध्ये माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकान माझं, गाळा काकांचा. वर दोन मजले खोल्या, त्यांत भाड्यानं राहणारी पोरं. कोणी नांदेडचा, कोणी जळगावचा, सगळे हिंजवडीला नोकरीला. खोली देताना ते डिपॉझिटच्या आधी चपलांचं सांगत. जिन्याखाली चपला सरळ रांगेत, टाचा भिंतीकडे. एका पोरानं एकदा येता येता नुसत्याच भिरकावून दिल्या, तर सकाळी त्याला त्या सापडेनात. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी निघाल्या, टाचा भिंतीकडे करून नीट ठेवलेल्या. पोरगं त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचलं, पण त्याच्या चपला पुन्हा कधी वाकड्या दिसल्या नाहीत.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. मुळशीच्या खोऱ्यात त्या नावाची न् आडनावाची माणसं शोधायला गेलात तर गावागणिक एकदोन भेटतील, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

गाव त्यांना 'मेजर' म्हणायचं. आपल्याकडे फौजेतून कोणीही परत आला की तो मेजर होतो, तुम्हीही पाहिलं असेल. पण हे ऐकून घेत नसत. "मेजर न्हाई, हवालदार," दर वेळी, दर माणसाला. मी एकदा म्हटलं, "काका, लोक मानानं म्हणतात, म्हणू द्या की." तर म्हणाले, "ताई, जे मिळालं न्हाई ते घ्यायचं न्हाई. आन् जे आपलं हाय ते सोडायचं न्हाई. कोई शक?"

त्यातल्या दुसऱ्या वाक्यामागे काय होतं ते मला पुढे काकूंकडून कळलं.

ते डावा पाय ओढत चालायचे. बर्फातल्या एका उंच ठाण्यावर असताना तोफगोळ्याची कपची मांडीत घुसली होती. गावात मात्र वेगळीच कथा होती. त्यांचा एक चुलतभाऊ रोज सकाळी दूध घातलं की डेअरीच्या कट्ट्यावर ठाण मांडायचा आणि ऐकेल त्याला सांगायचा, "कसला गोळा न् कसलं काय! दारू पिऊन ट्रकावरनं पडलंय बेनं." आता आहे की नाही कमाल? हा माणूस जन्मात दारूला शिवला नव्हता. कँटीनमधला रमचा कोटासुद्धा कधी उचलला नाही, त्यापायी अर्धं गाव त्यांच्यावर रुसलेलं. तरणेपणी सुट्टीवर आले तेव्हा खरं काय ते त्यांनी सांगितलं होतं. भाऊ म्हणाला, "मग बिल्ला कुटाय? जखमी झालेल्याला सरकार बिल्ला देतं." बिल्ला म्हणजे पदक. ते काही आलं नव्हतं. पुढे पेन्शनीचे कागद हातात पडले, त्यांतही ना पदक होतं ना जखम.

सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेच्या मैदानात माजी सैनिक पदकं लावून उभे राहतात आणि एकेकाचं नाव पुकारलं जातं. हे घरी बसायचे. नोकरी केली की सगळ्यांना मिळतात ती पदकं होती त्यांच्याकडे. "तीच लावा की," काकू म्हणायच्या. "पाय वढत जायचं आन् पायाचा बिल्ला न्हाई. मग लोकं पायाकडंच बघत्यात," एवढं बोलून ते चपलांची रांग बघायला जिन्याखाली जायचे. झेंडावंदन संपेपर्यंत तिथेच घुटमळायचे.

हे ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. दुसऱ्याचं भांडण दिसलं की मला गप्प बसवत नाही, उगाच नाही माझी सासू मला लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी म्हणत. मी त्यांना दुकानात बोलावलं. म्हटलं, "काका, पदकं पुण्यात विकत मिळतात. एक आणू न् लावू. कोण विचारतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.

"बरं, मग रेकॉर्ड दुरुस्तीचा अर्ज करू," मी म्हटलं.

"व्हय. अर्ज करू."

अर्ज ते उभ्यानं सांगायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. ट्रंकेतून दवाखान्याचा एक पिवळा पडलेला कागद निघाला, त्याची प्रत जोडली. उत्तर आलं, अमुक पाठवा. ते पाठवलं. उत्तर आलं, तमुक पाठवा. पत्राची वाट बघत ते दुकानाच्या दारात उभे राहायचे आणि माझ्या गिऱ्हाइकांना रांगेत लावायचे. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत मला त्याचा फार उपयोग झाला, खोटं कशाला बोलू.

शेवटी एक लांबलचक पत्र आलं. मी वाचून दाखवलं. हे पदक कधीच देऊन झालंय, असं त्यात होतं. ते मिळालं होतं त्याच कंपनीतल्या, त्याच नावाच्या एका जवानाला, गाव रिहे. ही चूक आहे असं तुमचं म्हणणं असेल तर तसं प्रतिज्ञापत्र द्या. त्यांच्याकडून पदक परत मागवू आणि दोघांच्याही नोंदी दुरुस्त करू.

"एकसष्ट," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. माझ्या दुकानात ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

नाव-आडनाव एकच म्हणून पलटणीत दोघांना नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारायचे. हे चोवीस, तो एकसष्ट. जखमी झाले तेव्हा एकसष्टनंच त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. दोघं घरी आल्यावर पौडच्या बाजारात भेटायचेसुद्धा. एकसष्टला जाऊन आता काही वर्षं झाली होती.

"तंबाखू मळून द्यायचा मला," काका म्हणाले. "बिल्ल्याचं एका शब्दानं बोलला न्हाई. माझा बिल्ला घरात ठिवून माझ्यासंगं तंबाखू खायचा."

त्यांचा आवाज असा कडू झालेला मी कधी ऐकला नव्हता. प्रतिज्ञापत्र मी लगेच टाइप केलं. पाठवू का विचारलं तर म्हणाले, "आदी त्याच्या घरी सांगायचं. पाठीमागनं वार करायचा न्हाई."

मग आमची वरात माझ्या स्कूटरवरून रिह्याला निघाली. मागून हुकूम चालूच. "डावी दाबा." "हॉर्न द्या." "म्हईस हाय." म्हैस मला दिसत होती हो! खोऱ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधेमधे फार्महाउसच्या भिंती. पत्रं आणि प्रतिज्ञापत्र माझ्या पिशवीत होतं.

एकसष्टच्या बायकोनं त्यांना दारातच ओळखलं. "चोवीस भावजी ना? या की, बसा." पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. भिंतीवर एकसष्टचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत ते पदक. काका त्याच्याकडे बघतायत हे पाहून ती पदरानं काच पुसत म्हणाली, "बोटांचा बिल्ला हाय त्यो."

"कसल्या बोटांचा?"

"पायाच्या. आता तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमाला पाठीवर घिऊन उतरत व्हते तवा बूट फाटला. बर्फ आत गेलं. संगतीचं म्हनलं, ह्याला खाली ठिव, बूट बांध. हे म्हनले, खाली ठिवला तर परत उचलाया जमायचं न्हाई. तसंच आले. मग दोन बोटं कापली."

"मला कदी बोलला न्हाई त्यो."

"म्हनायचे, चोवीसला सांगू नगं. त्याच्या जिवाला लागंल." तिनं फोटोचा हार सरळ केला. "जायच्या आदल्या साली टपालानं ह्यो बिल्ला आला. लई रडले. म्हनले, सरकारला माजी बोटं दिसली."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. काका उठले. चौकट भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे नखानं वाकवले आणि पदक बाहेर काढलं. मग खिशातल्या रुमालानं पुसून तिच्या हातावर ठेवलं.

"वैनी, ह्यो भिंतीला लावायचा नसतो. सव्वीस जानेवारीला छातीला लावून उभं ऱ्हायचं."

"मी? अगं बाई! बाईमानसानं?"

"मानूस जिता आसला तर त्यो डावीकडं लावतो. त्याच्या मागं ऱ्हायलेल्यानं उजवीकडं लावायचा. नियम हाय. आमच्या भुकूमच्या शाळंत या. कोई शक?"

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

परत येताना माझा मात्र संताप संताप झाला. गावाबाहेर स्कूटर थांबवली. "काका, हे काय केलंत? आणि तुमचा पाय? तो कट्ट्यावरचा बोकड जन्मभर बोंबलतच राहणार का?"

ते खाली उतरून बांधावर उभे राहिले. रिह्याकडे बघत म्हणाले, "ताई, त्यो कागद फाडा. नवा लिवा. एकाच दिवशी दोघं जखमी झालो. त्यानं मला आनलं म्हनून त्याची बोटं गेली, ह्याचा साक्षीदार मी. त्याचा बिल्ला त्याच्याकडंच ऱ्हावा. आन् दवाखान्याचा कागद बघून माझी बी जखम लावा म्हनावं. त्याचं खोडून माझं लिवायचं न्हाई."

"असं कोणी देत नसतं," मी म्हटलं.

"न देईनात. खरं ते कागदावर तर जाईल."

मी फाडला. तिथेच, बांधावर. नवा अर्ज दुसऱ्या दिवशी पाठवला, आणि खरं सांगते, मला कवडीचीही आशा नव्हती.

एक पावसाळा गेला, दुसरा आला. मी विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं, आणि दसऱ्याच्या सुमारास पत्र आलं. साक्ष मान्य. एकसष्टची नोंद आहे तशीच राहील. यांच्या नोंदीत जखम चढवली आहे, पदक मंजूर, मागाहून पाठवू. काकांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि आधी रिह्याची एसटी पकडली. काकूंना बातमी मी दिली.

पण मी थोडीच गप्प बसणार! ते एसटीला जायच्या आधी मी पत्राची मोठ्या कागदावर प्रत काढून घेतली होती. ती डेअरीच्या भिंतीवर चिकटवली, बरोब्बर कट्ट्याच्या वर. संध्याकाळी काका दुकानात आले ते तापूनच. "नोटीस लावायची परवानगी कुनी दिली?" मी म्हटलं, "चुकलं, काढून टाकते." तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता." दोन दिवसांनी त्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. काका अंगठ्यानं तो दाबून सरळ करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चुलतभाऊ तो आठवडाभर दूध घालायला सुनेला पाठवत होता.

दिवाळीनंतर एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्याच काका गेले. पदक अजून यायचं होतं.

अंत्ययात्रेला माणसं मावत नव्हती. जिन्याखाली चपलांची ही रास पडलेली. वरची भाडेकरू पोरं खाली आली आणि कोणी न सांगता एकेक जोड उचलून लावायला लागली. सरळ रांगेत, टाचा भिंतीकडे. तोवर मी धीर धरला होता. ते बघितलं आणि मला हुंदका आवरला नाही.

पदक जानेवारीत आलं. सव्वीस तारखेला काकू ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत आल्या, पदक उजव्या बाजूला लावून. तेवढ्यात, इतके दिवस लाजून न आलेली रिह्याची वहिनी एसटीतून उतरली. तिचंही उजवीकडेच. दोघी माजी सैनिकांच्या रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दोरीपलीकडच्या गर्दीत चुलतभाऊ होता. मी मुद्दाम त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

मुख्याध्यापिका नवीन होत्या. त्यांनी माइकवरून एकेक नाव पुकारलं. काकांचं नाव आलं आणि दोघी एकदम एक पाऊल पुढे आल्या.

बाई गोंधळल्या. यादी बघितली, दोघींकडे बघितलं, पुन्हा यादी बघितली. "अहो, हे नाव एकदाच आहे. यातल्या नेमक्या कोणाच्या..."

चुलतभावानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. काकूंनी वहिनीचा हात धरला. चारचौघांत कधी मोठ्यानं न बोललेल्या काकूंनी मान वर केली, आणि माइकची गरजच पडली नाही.

"नाव एकच हाय. मानसं दोन व्हती. कोई शक?"

मैदानात कोणालाच नव्हता.