रंभाबाईची डावी दाढ

पोंभुर्ण्याकडच्या रंभाबाईने वाकेने, म्हणजे झाडाच्या सालीच्या दोरीने, तेंदूपानांचा पुडा बांधला, की तो कोणी भिरकावून दिला तरी सुटायचा नाही. अशा खमक्या बाईला वर्षभर एका दाढदुखीने सळो की पळो करून सोडलं होतं. घास चावला की कळ थेट मस्तकात! लवंग झाली, भुईरिंगणीच्या बियांची धुरी झाली. शेवटी आठवडी बाजारातल्या दात काढणाऱ्याने डाव्या बाजूची एक दाढ उपटून तिच्या हातावर ठेवली. दाढ निघाली ठणठणीत, आणि दुखणं जागच्या जागी. आता बोला!

बाईने ती दाढ पदराच्या टोकाला गच्च बांधली.

"अवो, बाजूची बी काढून टाक नं," नवरा लटारू म्हणाला.

"अन् ते बी चांगली निघाली त? तुमची द्याल काय मले? कारण समजल्याबिगर आता एक दात देत नाई!"

मूल गावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे फोटो काढला, त्यातही काही दिसेना. "दाढ काढून पाहायची का?" त्यांनी विचारलं.

"नाई म्हणजे नाई! हे पाहा, अशीच फुकट गेली माही एक." दाढ दाखवायला रंभाबाईने पदर ओढला. गाठ सुटेना. सवयीने तिने गाठ डाव्या दातांत धरली, हिसडा दिला, सोडली आणि किंचाळली, "अगा माय!"

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "ओढताना दुखलं, की सोडल्यावर?"

"सोडल्यावर जी."

"गाठी अशाच बांधता?"

"मंग? दोनी हातांत पानं रायते. पुड्याची वाक कोन ओढन? दातच ओढते!"

बाईंनी एकेका दाढेखाली कापूस चावायला दिला. एका दाढेवरून कापूस सुटला आणि कळ आली. त्याच दाढेवर उजेड धरला, तर केसाएवढी बारीक चीर! वाकेच्या हिसड्यांनी दाढ तडकली होती. सापडली एकदाची! रंभाबाईला रडू आलं आणि हसूही. दाढ राहिली, वर टोपी बसली.

पुढच्या हंगामात ती वाक पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढू लागली. पुडे तसेच घट्ट.

एका बाजारी ती मूठभर फुटाणे घेऊन त्या दात काढणाऱ्यासमोर उभी राहिली. डाव्या बाजूने कुडुमकुडुम सगळे चावून संपवले. मग पदराची गाठ हातांनी सोडली आणि दाढ त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे घे भाऊ, ठेव समोर. कोनाची दाढ उपटाच्या आधी हिच्याकडं पाहत जा. हिचा काई गुन्हा नोता."