तिसरा थर निळ्याचा

मास्तरांना कशाची भीती वाटत नाही, ही यादी चटकन संपते. लिफ्ट, कुत्री, दारावरची बेल, सगळ्यांनी त्यांच्या छातीत धडधडतं. अशा माणसाने निवृत्तीनंतर छंद कोणता धरावा? डिंकात रंग आणि ऊन लागताच डिंक घट्ट करणारं विषारी बायक्रोमेट कालवून कागदावर फोटो छापायचा! पिवळा, लाल, निळा असे तीन थर. प्रत्येक थर लावायचा, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा. म्हणजे एका फोटोसाठी तीनदा जीव मुठीत.

त्या दुपारी थोरल्या बहिणीचं, ताईचं, सामान दाराशी बांधून तयार होतं. ती कायमची मुलाकडे निघाली होती आणि सोबत तिला बाबांचा रंगीत फोटो हवा होता. दोन थर होऊन बाबा नारिंगी दिसत होते. निळा बसला की माणसात यायचे.

मास्तर रंग कधी तोलत नसत. ट्यूबमधून काडेपेटीच्या काडीएवढी रेघ पिळायची, हेच माप. जुना निळा संपला, म्हणून नव्या ट्यूबमधूनही तेवढीच पिळली. कागद उन्हात ठेवून त्यांनी ब्रश धुवायला घेतला, तर बादलीभर पाणी शाईसारखं झालं. हा निळा जुन्याच्या चौपट जोरकस निघाला!

"ताई, तू आत जा."

"का रे?"

"बाबा हिरवे होणार आहेत."

"होऊ देत. तुझं प्रगतिपुस्तक बघून लालपिवळे व्हायचेच की!"

मास्तर हसले नाहीत. कागद ट्रेमधल्या पाण्यात पडून अर्धा तास झाला, तरी बाबा शेवाळलेलेच. शेवटी त्यांनी सगळ्यात मऊ ब्रश घेतला. जरा जोर झाला असता तर खालचे थरही निघून बाबांना गालच उरले नसते. श्वास रोखून त्यांनी पाण्याखाली ब्रश फिरवला. कपाळ उजळलं. गाल उजळले. हनुवटी मात्र हटून बसली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"ताई, हनुवटी निळीच राहिली गं."

ताई चष्मा पुसून वाकली.

"दाढी करून आले की असेच तर दिसायचे," ती म्हणाली. "आता हात लावलास तर बघ."

ओला फोटो पुठ्ठ्यावर घेऊन ती गाडीत बसली. वाळताना रंग बदलला तर? या धसक्याने मास्तर घरातल्या चपलांवरच तिच्या शेजारी जाऊन बसले.