चुकीचा शब्द, बरोबर जागी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. चर्चमध्ये फादरांपुढे गुडघे टेकून पापं सांगते, तेव्हाही नाही. तिथे मी रागाचं सांगते, परनिंदेचं सांगते — आणि या एका गोष्टीपाशी आले की गप्प होते. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. बसा जरा.

मी माणिकपूरला राहते, इंग्रजी शिकवते. सकाळी शाळा, संध्याकाळी घरीच क्लास. दर वर्षी एक धडा येतो — एखादी गोष्ट किती वेळा घडते ते सांगणारे शब्द. ऑल्वेज, युजवली, समटाइम्स, नेव्हर. मुलं ते वाक्यात कुठेही टाकतात. मराठीत चालतं ना तसं! 'मी नेहमी चहा पिते' म्हणा, 'चहा पिते मी नेहमी' म्हणा, कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र साध्या क्रियापदाच्या आधी, आणि ॲम-इज-आरच्या नंतर. झोपेतून उठवलंत तरी शिकवीन. फक्त 'हार्डली' आला की माझा हात फळ्यावर थांबतो. मुलांना वाटतं, टीचर काहीतरी आठवतायत.

आठवतच असते.

रोझी माझी धाकटी बहीण. नर्स. वडील गेल्यावर भुईगावच्या माहेरच्या घरात आई आणि ती, दोघीच उरल्या. आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून आईचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं रोझीच करायची — ड्युटीवरून थकून येऊन. आणि मी? मी रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जायचे. आईचे केस विंचरायचे, तासभर बसायचे. शेजारीण म्हणायची, दोन्ही मुली गुणाच्या. मी ते ऐकून घ्यायचे.

मग रोझीला मस्कतच्या एका रुग्णालयाचं बोलावणं आलं. मुलाखत व्हायची होती लॅपटॉपवर, इंग्रजीतून. ती मराठी शाळेतली, कामापुरतं इंग्रजी येत होतं, पण तोंड उघडायची भीती. म्हणाली, "ताई, तू शिकवलंस तर जमेल मला." किती वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर तशी उमेद पाहिली असेल मी! मन लावून शिकवलं. खरंच सांगते — सुरुवातीला मन लावून शिकवलं.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "रोझी गेली की आई आपल्याकडेच ना?" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्याची तयारीच होती. पण मी आमच्या दोन खोल्यांकडे बघितलं. क्लासच्या बाकांच्या जागी आईचा पलंग दिसला. पलंगाखालचं भांडं दिसलं. तेव्हाच मी काही ठरवलं का? नाही, असं मी स्वतःला फार काळ सांगत आले.

दुसऱ्या दिवशी सरावात मी विचारलं, म्हाताऱ्या पेशंटची काळजी कशी घेतेस? रोझी म्हणाली, "आय लुक आफ्टर देम हार्डली."

तिला म्हणायचं होतं, मी खूप मेहनतीने काळजी घेते. हार्ड म्हणजे मेहनतीने, तर हार्डली म्हणजे आणखी मेहनतीने — असं तिला वाटलं. पुष्कळांना वाटतं. खरं तर हार्डली म्हणजे क्वचितच. जवळजवळ नाहीच. ही चूक माझ्या क्लासमधली मुलं कायम करतात आणि मी ती तिथल्या तिथे सुधारते.

तिला काय म्हणाले, सांगू?

"हा शब्द शेवटी नको, रोझी. क्रियापदाच्या आधी घे."

तिने लगेच घेतला. "आय हार्डली लुक आफ्टर देम." माझ्याकडे बघून विचारलं, "आता बरोबर, ताई?"

"बरोबर," मी म्हणाले.

शब्दाची जागा अगदी बरोबर होती. मी जागा सुधारली आणि शब्द तसाच ठेवला. चुकून नाही. तिचं वाक्य ऐकताना त्याचा अर्थ माझ्या डोक्यात लख्ख होता.

भुईगावला नेटचा भरवसा नव्हता, म्हणून मुलाखत माझ्याच घरी झाली. ती आतल्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. तो प्रश्न आला. तिचं उत्तर आलं. पलीकडची बाई थांबली, मग हळूच म्हणाली, "हार्डली?" तिने संधी दिली होती हो! दार ढकलून आत जायला कितीसा वेळ लागला असता? मी ओट्याला धरून उभी राहिले. आणि माझी बहीण ठासून म्हणाली, "येस मॅडम. हार्डली."

बाहेर आली ती हसत. "ताई, त्यांनी तोच शब्द परत विचारला. मी अजिबात डगमगले नाही."

नकार आला. कारण कळवलं नव्हतं. त्या एका वाक्यामुळेच आला का? मला ठाऊक नाही, आणि त्याने माझं काही हलकंही होत नाही. रोझी सगळ्यांना सांगत राहिली, "ताईने छान शिकवलं, मीच कमी पडले." पुन्हा अर्ज केला नाही. मग आईला दुसरा झटका आला, आणि तो विषयच संपला. आई रोझीच्या मांडीवर गेली. मी पोचले तेव्हा रोझीने आईचे डोळे मिटून हातात जपमाळ ठेवली होती.

गेल्या वर्षी माझी मुलगी भुईगावच्या घरी इंग्रजीचा अभ्यास करत बसली होती. रोझी बोंबील साफ करत होती. मुलीने वाचलं, "शी वर्क्स हार्डली." रोझी मान वर न करता म्हणाली, "हार्ड म्हण, बाय. हार्डली म्हणजे कामच करत नाही. नीट लक्षात ठेव."

मी तिथेच होते. कांदा चिरत. सुरी थांबली माझी. रोझी बोंबील धुवायला उठली, माझ्या जवळून गेली. तिला कधी कळलं? कुणी सांगितलं? ड्युटीवर, डॉक्टरांच्या समोर, ते वाक्य पुन्हा म्हणाली असेल का ती? कुणी हसलं असेल का? मी विचारलेलं नाही.

दर रविवारी आम्ही अजूनही एकाच टेबलावर जेवतो. ती आधी माझ्या ताटात वाढते, मग स्वतः घेते. मी जेवते.